जुन्या ब्रिटिश मोटारींचा आतला रंग : आधी पुरावा, मग चामडे

१/
गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या मिडलँड्स भागात जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यात एक जॅग्वार ई-टाइप पाहिली. बाहेरून रुपेरी करडी, आतून झगझगीत लाल चामडे. समोर फलक होता : ‘संपूर्ण जीर्णोद्धार, मूळ रंगसंगतीत’. दाराच्या चौकटीवरची रबरी पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती. तिच्याखाली, जुन्या सुकलेल्या गोंदात चिकटून राहिलेली, नखाएवढी गडद निळी चिंधी दिसली.

२/
मालकांना विचारले, आतला रंग मूळचा लाल होता हे कशावरून ठरवले? गृहस्थ सज्जन होते. राग न मानता म्हणाले, गादीकाम करणाऱ्याने लाल सुचवला. या गाडीला तोच शोभतो. जुनी आसने कुठे आहेत? फाटली होती, टाकून दिली. कारखान्याच्या नोंदीचा दाखला मागवला होता का? नाही. हा धागा त्या निळ्या चिंधीविषयी आहे.

३/
वाद कशाचा आहे ते आधी सांगतो. लाल रंग चुकीचाच आहे, असा माझा आरोप नाही. कारखान्याच्या रंगतक्त्यात या रुपेरी करड्या रंगासोबत लाल चामडेही मिळत असे आणि गडद निळेही. माझा आरोप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ठरवण्याची साधने हाताशी असताना ती न पाहताच नष्ट करायची, रिकामी जागा आपल्या रुचीने भरायची आणि तिला ‘मूळ’ म्हणायचे, याला इतिहासाच्या भाषेत बनावट म्हणतात. करणाऱ्याची भावना कितीही निर्मळ असो.

४/
कोणी म्हणेल, मोटारीच्या गादीचा रंग हा काय इतिहासाचा विषय? आहे. एमजीए ही मोटार १९५५ ते १९६२ या काळात १ लाख १ हजार ८१ इतकी बनली आणि त्यांतल्या सहा हजारांहूनही कमी ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या. बाकीच्यांतला सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या देशाला डॉलर हवे होते. आज ज्याला आपण ‘अस्सल इंग्रजी रुची’ म्हणतो, ती कितपत इंग्रजी होती आणि कितपत अटलांटिकपलीकडच्या गिऱ्हाइकाची, हे तपासायचे तर त्या काळी खरोखर बसवलेले रंग हाती हवेत.

५/
अडचण अशी की निर्यात झालेल्या या गाड्यांपैकी पुष्कळ पुढे ब्रिटनला परत आणल्या गेल्या. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत पत्रा गंजला नव्हता, हे त्यांचे आकर्षण. पण ज्या उन्हाने पत्रा राखला त्याच उन्हाने चामडे तडकवले, गालिचे विटवले आणि डॅशबोर्डची आवरणे भाजून काढली. परिणामी, सांगाडा उत्तम आणि अंतर्भाग चिंध्या, अशी गाडी दुरुस्तीच्या कारखान्यात येते. तिथे पहिल्याच दिवशी त्या चिंध्या उचलून फेकल्या जातात. साक्षीदाराला साक्षीआधीच बाहेर काढण्याचा हा प्रकार होय.

६/
वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद मराठी वाचकाला तेव्हापासून परिचित आहे. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याला प्रत्यक्ष माहिती होती का आणि लिहिण्यात त्याचा हेतू काय, हे प्रश्न आपण कागदाला विचारतो. तेच प्रश्न मोटारीच्या आसनाला विचारायचे आहेत. रीत नवी नाही, विषय तेवढा अपरिचित आहे.

७/
पहिले साधन म्हणजे कारखान्याचे दप्तर. जॅग्वारच्या नोंदी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे आहेत. एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ यांच्या बऱ्याच नोंदी गेडन येथील ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे. मालकाने चासी क्रमांक आणि मालकीचा पुरावा दिला की दाखला मिळतो. त्यात इंजिनाचा क्रमांक, बांधणीची आणि रवानगीची तारीख, गाडी कुठे पाठवली, बाहेरचा रंग आणि आतला रंग अशा बाबी असतात. त्याचे शुल्क नव्या चामड्याच्या किमतीपुढे नगण्य आहे. हा दाखला न मागवता रंग ठरवणाऱ्याला कोणतीही सबब नाही.

८/
मात्र दाखल्याची पूजा करणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. वहीत ‘लाल’ एवढेच लिहिलेले असते. कोणता लाल? किरमिजी, विटकरी, की शेंदराकडे झुकणारा? वही गप्प बसते. शिवाय लिहिणारा आणि शिवणारा एक नव्हे. एमजीएचे सांगाडे कोव्हेंट्रीत रंगवून, गादीकाम होऊन अबिंग्डनला येत आणि तिथे गाडी पुरी होई. सुट्या भागांच्या पेट्यांतून परदेशी जाऊन तिथे जोडल्या गेलेल्या गाड्यांचा रंग इंग्लंडच्या वहीत सापडण्याची आशाच धरू नये; तो ठरला जोडणीच्या देशात. दाखला हा तपासाचा आरंभ आहे, निकाल नव्हे.

९/
दुसरे साधन गाडीवरची पट्टी. ट्रायम्फ टीआर६च्या पट्टीवर बाहेरच्या आणि आतल्या रंगाचे सांकेतिक अंक असत. या अंकांत एक युक्ती होती : शेवटचा अंक रंगाचे कूळ सांगे. ३४ जस्मिन, ५४ सॅफ्रन, ६४ मिमोसा, तिन्ही पिवळ्याच्या घरातले, कारण अखेरीस ४. आतल्या रंगांत ११ म्हणजे काळा आणि ३३ म्हणजे न्यू टॅन, तपकिरीच्या घरातला. असा थेट पुरावा दुर्मीळ. पण कोऱ्या नव्या पट्ट्या बाजारात मिळतात आणि त्यांवर हवा तो अंक ठोकून घेता येतो. पट्टीचे रिबिट मूळचे आहेत का, अंकांचा ठसा त्या काळच्या ठशांशी जुळतो का, हे न पाहता तिच्यावर विसंबणे म्हणजे शिक्का पाहून सनद खरी मानणे.

१०/
ई-टाइपच्या पट्टीवर तेही नाही. तिथे चासी, इंजिन, सांगाडा आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक असतात. आतल्या रंगाचा संकेत नसतो. म्हणून या गाडीच्या बाबतीत दप्तर आणि गाडीचे शरीर या दोघांवरच मदार. आणि नेमक्या याच गाडीच्या मालकांना ‘कुठला रंग शोभतो’ हा सल्ला सर्वांत जास्त मिळतो!

११/
तिसरे साधन विक्रीचे माहितीपत्रक. ही आपली बखर. उपयोगी, रंजक, आणि हेतुपुरस्सर लिहिलेली. कोणत्या बाह्य रंगासोबत कोणते आतले रंग देऊ केले होते हे तिच्यातून कळते; या विशिष्ट गाडीत काय बसवले हे कळत नाही. ओल्ड इंग्लिश व्हाइट रंगाच्या एमजीएला लालही मिळे आणि काळाही. बाहेरच्या रंगावरून आतला ताडता येत नाही, एवढाच बोध पत्रकातून घ्यावा. छटा तर मुळीच घेऊ नये; ती छापखान्याच्या शाईची असते. त्यापेक्षा विक्रेत्यांकडच्या, खऱ्या चामड्याचे तुकडे चिकटवलेल्या नमुनावह्या कितीतरी विश्वसनीय, कारण मिटलेल्या वहीत ऊन शिरत नाही.

१२/
चौथे साधन जुनी छायाचित्रे, आणि इथे एक सापळा आहे. त्या काळच्या रंगीत छायाचित्रांच्या कागदी प्रतींतले सायन रंगद्रव्य, अल्बम अंधारात मिटलेला असला तरी, हळूहळू नष्ट होते आणि सगळे चित्र तांबूस होते. पहिल्या मालकाच्या अल्बममधले तपकिरी आसन आज लालसर दिसते आणि ‘हा पाहा पुरावा’ म्हणून पुढे केले जाते. कोडाक्रोमच्या अंधारात ठेवलेल्या पारदर्शिका याहून पुष्कळ टिकाऊ. छायाचित्र पाहताना आधी आकाश आणि गवत पाहावे; त्यांचे रंग बिघडले असतील तर आसनाचाही बिघडला आहे.

१३/
पाचवे आणि माझ्या मते सर्वश्रेष्ठ साधन म्हणजे खुद्द गाडी. जिथे हात, ऊन आणि नंतरचा रंगारी पोहोचला नाही अशा जागा शोधायच्या : शिवणीच्या आत दुमडलेली कड, पाइपिंगच्या पोटातला भाग, आसनाच्या सांगाड्यावर खिळ्यांखाली दबलेली किनार, दाराच्या आतल्या फळीची मागे वळवलेली बाजू, रबरी पट्ट्यांखालचा गोंद, गालिच्याची धातूच्या पट्टीखालची कड. दुसऱ्यांदा गादीकाम करणारा कारागीर सहसा घाईत असतो. जुने सगळे काढण्यापेक्षा त्यावरच नवे चढवणे त्याला सोपे जाते. त्याच्या या आळसाचे इतिहासावर उपकार आहेत.

१४/
इथे एक नेहमीची चूक. चामडे उलटून मागची बाजू पाहायची आणि ‘हा मूळ रंग’ म्हणायचे. त्या काळच्या मोटारींच्या चामड्यावर, लंडनच्या प्रसिद्ध कॉनोली बंधूंच्या चामड्यासह, डोळ्यांना दिसणारा रंग हा पृष्ठभागावर चढवलेल्या रंगद्रव्ययुक्त थराचा असे. मागची बाजू त्या छटेची असेलच असे नाही. पाहायची ती पुढचीच बाजू, पण शिवणीच्या आत लपलेली.

१५/
दुसरे, सगळे आसन चामड्याचे नसे. अनेक गाड्यांत अंग टेकते तेवढाच भाग चामड्याचा, बाजू आणि पाठ चामड्यासारख्या दिसणाऱ्या कापडाची. अशा कापडाचे एक गाजलेले ब्रिटिश व्यापारी नाव रेक्झिन. मँचेस्टरजवळच्या हाइड गावची कंपनी ते बनवी. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप, असे त्याचे स्वरूप. आपण रिक्षाच्या गादीपासून दप्तरापर्यंत ज्याला बिनदिक्कत रेक्झिन म्हणतो, तो शब्द असा आला. कारखान्यातून निघताना चामडे आणि हे कापड एका रंगाचे दिसत. साठ वर्षांत दोघांनी दोन वाटा धरल्या. एकाच आसनावर दोन छटा दिसल्या की कोणीतरी अर्धे बदलले असा तर्क होतो. तो नेहमी खरा नसतो.

१६/
साहित्यही तारखेशी ताडावे. एमजीबीत सुरुवातीला आसनांचे दर्शनी भाग चामड्याचे होते. १९७०च्या मॉडेलपासून व्हायनिल आले. सुरुवातीच्या ३.८ लिटर ई-टाइपमध्ये डॅशबोर्डचा मधला फलक ठिपक्यांची नक्षी असलेल्या ॲल्युमिनियमचा होता. पुढे त्याजागी काळे आवरण आले. १९६१च्या गाडीत काळा फलक, किंवा १९७२च्या एमजीबीत ‘मूळ’ चामडे दिसले, तर रंगाची चर्चा करण्यापूर्वी ती वस्तूच त्या गाडीची आहे का, हे विचारावे.

१७/
लपलेल्या तुकड्यालाही वय असते, हे विसरू नये. उघड्यावरचा रंग उन्हाने विटतो, तर झाकलेला लेप अंधारातही पिवळा पडतो. पिवळ्या पडद्याआड निळा हिरवट दिसतो, पांढरा सायीसारखा, करडा बिस्किटी. सापडलेली चिंधी जशीच्या तशी जुळवून चामडे मागवणारा माणूस १९६१ची गाडी घडवत नाही; १९६१च्या रंगाचे म्हातारपण नव्या गाडीला चढवतो. शक्य तिथे शिवणीतला तुकडा आणि नमुनावहीतला तुकडा शेजारी ठेवावेत.

१८/
आसन पूर्वी पुन्हा रंगवले असेल तर थर मोजावेत. तांदळाच्या कणीएवढा तुकडा राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहिला की थर उत्खननातल्या मातीसारखे एकावर एक दिसतात. चामड्याला भिडलेला सर्वांत खालचा रंगथर कारखान्याचा असण्याचा संभव सर्वाधिक. त्यावर मळ साचून मग दुसरा रंग आला असेल, तर मधली मळाची रेघ सांगते की दरम्यान गाडी वापरात होती. चित्रांचे जतन करणारे हेच करतात. मोटारीला ही प्रतिष्ठा द्यायला आपण का कचरतो?

१९/
जुळवणी कुठल्या उजेडात केली, यालाही महत्त्व आहे. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन तुकडे अंगणात नेल्यावर वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये वेगळी असतात. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून मोजणी यंत्राने, सुमारे ६,५०० केल्विनच्या प्रमाणित दिवसप्रकाशाच्या हिशेबाने करावी आणि आकडे लिहून ठेवावेत. मोबाइलवरचे छायाचित्र पाठवून ‘याला जुळणारे चामडे द्या’ म्हणणे ही निव्वळ थट्टा आहे.

२०/
आता आक्षेप. पहिला : ‘गाडी माझी, रंग माझा.’ मान्य, शंभर टक्के मान्य. जांभळे मखमल लावा. मालकीतून रंग बदलण्याचा हक्क येतो, भूतकाळ बदलण्याचा येत नाही. फलकावर ‘आतला रंग मालकाच्या पसंतीचा’ एवढे लिहायला कोणती लाज वाटते? ती वाटते, कारण ‘मूळ’ या शब्दाला बाजारात किंमत आहे. म्हणजे शब्दाची किंमत हवी, शब्दाचे ओझे नको!

२१/
दुसरा आक्षेप : ‘लाल लवकर विकला जातो.’ असेलही. पण याचा परिणाम पाहा. आज अनेक गाड्यांना विक्रीसाठी लाल केले, तर पन्नास वर्षांनी कोणी जिवंत गाड्या मोजून निष्कर्ष काढील की त्या काळी लालच लोकप्रिय होता. मग तो निष्कर्ष पुस्तकात जाईल आणि त्या पुस्तकाच्या आधाराने पुढची गाडी लाल होईल. बखरीवरून बखर लिहिली जाते ती अशी.

२२/
तिसरा आक्षेप कोणी तोंडाने काढत नाही, पण स्पर्धांच्या मैदानात तो वावरत असतो : इंजिनाचा क्रमांक जुळला की पुरे. इंजिनाच्या एका ठोकलेल्या अंकावरून हजारो पौंडांचा फरक पडतो, तज्ज्ञ भिंग घेऊन वाकतात. आणि मालक ज्यावर बसला, ज्याला त्याचा घाम लागला, त्या आसनाच्या रंगाबद्दल ‘छान दिसतो’ एवढ्यावर समाधान! पुराव्याची कसोटी धातूला एक आणि चामड्याला दुसरी, हा न्याय मला समजलेला नाही.

२३/
१९६४च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत तत्त्व घालून दिले की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली त्याच धर्तीवर ट्युरिन सनद स्वीकारली. हस्तक्षेपांची नोंद ठेवा, असा तिचाही आग्रह आहे. तेव्हा माझी मागणी काही जगावेगळी नाही. पाचच गोष्टी :
• एकही टाचणी काढण्यापूर्वी दाखला मागवा.
• प्रत्येक भाग काढण्यापूर्वी आणि काढल्यावर छायाचित्र घ्या.
• किमान दोन स्वतंत्र साधने एकमत होईपर्यंत ‘मूळ’ हा शब्द उच्चारू नका.
• साधने भांडत असतील तर ते भांडण कागदावर लिहा, मिटवू नका.
• जुन्या आवरणाचा तळहाताएवढा तरी तुकडा, कुठून काढला ते लिहून, गाडीसोबत ठेवा.

२४/
आणि ती ई-टाइप? मालकांनी नंतर दाखला मागवला आणि त्याची प्रत मला आवर्जून पाठवली. त्यावर आतला रंग लिहिला आहे : लाल. ते आनंदले आणि त्यांच्या आनंदात मीही सहभागी आहे. पण मग ती निळी चिंधी कुठली? कारकुनाची चूक? विक्रेत्याने गिऱ्हाइकासाठी केलेला बदल? की पहिल्या दहा वर्षांतली एखादी दुरुस्ती? दुमडलेल्या शिवणींनी हे सांगितले असते. त्या शिवण्या कचऱ्यात गेल्या. वही एक सांगते, चिंधी दुसरे सांगते आणि तिसरा साक्षीदार आपणच संपवला.

२५/
मी त्यांना एवढेच कळवले की रबरी पट्टी पुन्हा बसवताना ती चिंधी खरवडू नका. त्यांचे उत्तर आले : खरवडलेली नाही, आणि फलकावरही आता ‘दाखल्यानुसार लाल, चौकटीत निळ्याचे अवशेष’ असे लिहिले आहे. एवढा प्रामाणिक फलक मी त्या मैदानात दुसरा पाहिलेला नाही. तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी उघडली जात असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचवा; कचऱ्याची गाडी येण्यापूर्वी.